डावखुऱ्या मिस्त्रीची पेटी

भैयासाहेब कानड्यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी नमस्कार वगैरे काही केला नाही. माझा उजवा हात धरला, उताणा केला, खिशातून भिंग काढलं आणि तळव्यावर वाकले. उज्जैनमध्ये दर दहा पावलांवर एक ज्योतिषी बसतो. मला वाटलं, चला, शेजारी तरी कामाचा मिळाला. मी लगेच विचारून घेतलं की हेडमास्तर होण्याचा योग आहे का. ते म्हणाले, "ते मला काय ठाऊक? पण तुम्ही खडू तीन बोटांत धरता, आणि जन्मात हातोडा उचललेला नाही." एवढं बोलून त्यांनी माझा हात मला परत दिला.

फ्रीगंजमध्ये आमची बिऱ्हाडं भिंतीला भिंत लागून होती. मी शाळेत गणिताचा मास्तर, ते बांधकाम खात्यात कारकून. खातं तेच, खुर्ची तीच, दारावरची पाटी मात्र बदलली. आधी संस्थानचं खातं होतं, मग स्वातंत्र्य आलं, संस्थानं विलीन झाली, खातं मध्यभारताचं झालं. लोक चौकाचौकात त्यावर तावातावाने बोलायचे. भैयासाहेबांनी उतरवलेली जुनी पाटी पाहिली आणि तिचे पितळी खिळे तेवढे मागून घेतले.

कारण या गृहस्थांना एकच वेड होतं, कारागिरांच्या हत्यारांच्या जुन्या पेट्या. दोन खोल्यांत चौदा पेट्या होत्या. सुतारांच्या, लोहारांच्या, एक नालबंदाची, घड्याळजीची एक चिमुकली. कबाड्यांकडून, राम घाटामागच्या पडक्या दुकानांतून, कुठून कुठून उचलून आणायचे. मग गंज काढायला राख आणि घासलेट, लाकडाला जवसाचं तेल, वाकलेले खिळे सरळ करून पुन्हा त्याच भोकात. सगळा रविवार त्यात जायचा. पेटी उजळली की खरं काम सुरू, ही कोणाची? एकेक मूठ भिंगाखाली धरून ते मालक शोधायचे. "हात बोलतो, मास्तर," म्हणायचे. "माणूस खोटं बोलेल, मूठ नाही बोलणार."

त्यांच्या घरी जाणं म्हणजे परीक्षाच. बसायला गेलं की ओरडायचे, तिथे नको, ते उस्मानचाचा आहेत. उस्मानचाचा म्हणजे नालबंदाची पेटी. एकदा आमच्या बाजेचा पाय निखळला म्हणून मी हातोडा मागायला गेलो. भैयासाहेब गंभीर झाले. हातोडा उस्मानचाचांचा, त्यांना विचारल्याशिवाय कसा द्यायचा? मी म्हटलं, मग विचारा. तर म्हणे, ते वारले. आठवडाभर आम्ही जमिनीवर झोपलो.

आणि गंमत अशी की स्वतः भैयासाहेबांना खिळा ठोकता येत नव्हता. एकदा कॅलेंडर लावायला गेले आणि अंगठा फोडून घेतला. आमच्या हिने त्यावर हळद भरली, कारण त्यांच्या घरी भरणारं कोणी नव्हतं. वहिनी जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. वहिनींचं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. मेलेल्या चौदा कारागिरांबद्दल मात्र विचारायची खोटी, तासभर बोलत बसतील. मला कधी कधी त्यांचा रागच यायचा.

त्यांचा एक पक्का नियम होता. मालक किंवा वारस सापडला की पेटी त्याची त्याला परत. "आपण सांभाळणारे, मास्तर. धनी वेगळा." पण आजवर परत घेतली कोणीच नव्हती. मुलं-नातवंडं म्हणायची, रखो बाबूजी, हमारे किस काम की. म्हणजे नियमही शाबूत आणि पेट्याही घरात. असा सोयीचा धर्म मी दुसरा पाहिला नाही.

मग तो उन्हाळा आला. राज्यांची पुन्हा मोडतोड होणार, मध्यभारत जाणार, राजधानी भोपाळ होणार असं नक्की झालं, आणि खात्याने आपल्या बंद पडलेल्या वर्कशॉपचा माल लिलावात काढला. वर्कशॉप भैयासाहेबांच्या कचेरीच्या समोरच, अंगणापलीकडे. बरीच वर्षं त्याला कुलूप होतं. ते उघडलं आणि दुपारी भैयासाहेब धावत माझ्या शाळेत आले. हो, धावत. मी वर्गात त्रैराशिक शिकवत होतो. खिडकीतून म्हणाले, "सागवानी आहे! चार कप्पे! सांधे असे, की जशी बोटांत बोटं गुंफलेली! मास्तर, असली पेटी मी जन्मात पाहिली नाही." पोरं टाळ्या वाजवायला लागली.

आता खात्याच्या नोकराला खात्याच्या लिलावात बोली लावता येत नाही. म्हणून बळीचा बकरा मी. ठरलं असं की भैयासाहेब लांब उभे राहतील, ते टोपी काढतील तेव्हा मी बोली चढवायची. योजना झकास होती. फक्त मे महिना होता, हे आम्ही दोघंही विसरलो. भैयासाहेब घाम पुसायला टोपी काढायचे आणि मी बोली चढवायचो. समोर बोली लावणारा एकुलता कबाडी कधीच गप्प झाला होता. मी एकटाच माझ्या बोलीवर बोली चढवत होतो. शेवटी लिलाववाल्यालाच दया आली, म्हणाला, "मास्साब, अब बस करो, आपकी हो गई."

पेटी घरी आली आणि भैयासाहेब आम्हाला दिसेनासे झाले. भिंतीपलीकडून नुसता घासल्याचा आवाज. तीन-चार रविवारांनी त्यांनी मला हाक मारली. पेटी अशी काही उजळली होती की मलाही हात जोडावेसे वाटले. एका बाजूला पटाश्या ओळीने, खाली करवती, मध्ये रंधा. भैयासाहेबांचे डोळे लकाकत होते. म्हणाले, मालक डावखुरा, रंध्यावरचा अंगठ्याचा खळगा बघा. चण बुटकी, करवतीची मूठ मुद्दाम तासून लहान केलेली. आणि हे तर बघाच, म्हणून त्यांनी कप्प्याच्या डाव्या काठावर भिंग धरलं. तिथे बारीक बारीक कमानी ओरखडलेल्या होत्या, शेकडो. "कडं! हातातलं कडं रोज घासलंय इथे. मास्तर, ओळख पटली. बुटका, डावखुरा सरदारजी!"

मी म्हटलं, अहो, वर्कशॉपचं रजिस्टर बघा ना, कोण कोण मिस्त्री होते. ते म्हणाले, पाहिलं. सात नावं आहेत, सातांत सरदारजी एकही नाही. मी म्हटलं, मग? तर अगदी शांतपणे म्हणाले, "रजिस्टर चुकतं, मूठ चुकत नाही."

झालं, गावभर शोध सुरू. गुरुद्वाऱ्यात गेले, तिथल्या ग्रंथीजींनी आदराने बसवलं, जेवू घातलं, पण डावखुरा बुटका सुतार काही त्यांच्या ओळखीत नव्हता. ट्रक चालवणारे एक सरदारजी आले, ते साडेसहा फूट. तोवर बाजारात बोभाटा झाला की फ्रीगंजमध्ये एक बाबूजी फुकट पेटी वाटतात, आणि व्हरांड्यात रांग लागली. भैयासाहेब प्रत्येकाला चहा द्यायचे आणि कप कोणत्या हाताने उचलतो ते बघायचे. पुढे पुढे लोक शिकून यायला लागले. एकाने डाव्या हाताने कप उचलायच्या नादात सगळा चहा उस्मानचाचांवर सांडला. चहा आमच्या घरून जायचा, हे सांगायला नको.

दसरा झाला आणि भैयासाहेबांच्या बदलीचा हुकूम आला. भोपाळ. पंधरा दिवसांत हजर व्हा. तिथे मिळणारी खोली एक. चौदा पेट्या रचून एका मालगाडीने पाठवायचं त्यांनी ठरवलं, पण पंधराव्या पेटीपाशी गाडी अडली. मी म्हटलं, न्या की बरोबर, कोण विचारतंय? ते इतके चिडले की मी दचकलो. म्हणाले, "चौदांचे धनी मला माहीत आहेत, मास्तर. ह्याचा छडा मी लावला नाही आणि पेटी घेऊन गाव सोडलं, तर मी सांभाळणारा कसला? मग मी चोर." रोज संध्याकाळी ते पेटीसमोर बसून राहायचे. जेवण धड जात नव्हतं. पंधराचे बारा दिवस राहिले, मग सात, मग चार. आम्हालाही घास गोड लागेना.

सामान बांधायला लाकडी खोकी हवी होती. फळबाजारात पेरूची खोकी ठोकणारी एक म्हातारी होती, गेंदाबाई, तिला मी बोलावून आणलं. ठेंगणी, लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला, तोंडात दोन खिळे धरलेले. ती व्हरांड्यात बसली आणि ठाकठोक सुरू केली. मी पेपर वाचत होतो. एकाएकी ठाकठोक थांबली. मान वर करून बघतो तर बाई आत पेटीपाशी उभी. झाकण वर, आणि तिचा डावा हात थेट दुसऱ्या कप्प्यात, काही न शोधता, जसा आपण आपल्या खिशात घालतो. काठावर बांगड्या घासल्या. खर्र असा आवाज झाला.

भैयासाहेबांनी तो आवाज ऐकला. त्यांच्या हातातून भिंग पडलं.

"ये तो हमारी है, बाबूजी," गेंदाबाई म्हणाली. मग तिने सांगितलं ते असं. तिचा नवरा कन्हैयालाल त्या वर्कशॉपमध्ये मिस्त्री होता, पेटी त्याने स्वतः केलेली. पुढे त्याची नजर गेली. नोकरी गेली असती, म्हणून तो दारात बसायचा आणि आत बसून काम ती करायची. बाकीच्या मिस्त्रींनी कधी चहाडी केली नाही. नऊ वर्षं असं चाललं. करवतीची मूठ तिच्या हातासाठी त्यानेच चाचपून चाचपून तासून दिली होती. मग तो वारला, वर्कशॉप बंद झालं, पेटी आत राहिली. मागायला ती दोनदा गेली होती, पण रजिस्टरात बाईचं नाव नव्हतं.

भैयासाहेब मटकन खाली बसले, ते उस्मानचाचांवरच. म्हणाले, "मी रोज पाहिलंय हो हिला. माझ्या खिडकीतून दिसायची. मला वाटायचं, नवऱ्याचा डबा घेऊन येते."

मी मनात म्हटलं, आता ही पण म्हणेल, रखो बाबूजी. आणि खरं सांगतो, तिने तसं म्हणावं असं मला वाटत होतं. पेटी भैयासाहेबांचा जीव की प्राण झाली होती. पण बाई तसली नव्हती. तिने रंधा उचलला, पातं अंगठ्यावर पाहिलं आणि नाक मुरडलं. "इतना तेल? पूड़ी तलनी थी क्या?" पदराने तेल पुसलं आणि आमच्या देखत खोक्याच्या फळीवर रंधा चालवला. त्या घरात पहिल्यांदाच कुठलं हत्यार कामाला लागलं होतं. पातळ, लांब साल भिरभिरत वर आली. भैयासाहेब आधी शहारले. मग ती साल त्यांनी जमिनीवरून उचलली, उजेडात धरली आणि लहान मुलासारखे हसायला लागले. "मास्तर, बघा, बघा! आरपार दिसतंय!" गेंदाबाई त्याच रंध्याने उरलेली सगळी खोकी करून गेली, आणि पेटी हातगाडीवर चढली तेव्हा भैयासाहेब वळणापर्यंत गाडीला हात लावून चालत गेले. परत आले ते खुशीत. मला म्हणाले, रजिस्टर चुकलं होतं, मूठ बरोबर होती, आणि गाढव तेवढा मी ठरलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी निरोपाचा डबा घेऊन गेलो. बाहेरच्या खोलीत सगळं बांधून झालं होतं. भैयासाहेब स्वयंपाकघरात होते. भांडी बांधायची राहिली होती. ते भिंतीला टेकून खाली बसले होते, पुढे रिकामं खोकं, आणि हातात वहिनींचं पोळ्यांचं लाटणं. ते भिंगाखाली धरून बघत होते. मी आलेलं त्यांना कळलं नाही असं वाटलं, पण मग ते बोलले, माझ्याकडे न बघता.

"हे डावं टोक बघा, मास्तर. पार गुळगुळीत झालंय. आणि उजवं अजून जसंच्या तसं."

मी विचारलं, वहिनी डावखुऱ्या होत्या का?

"छे. सुई उजव्या हाताने धरायची. पोळी लाटताना उजवा हात नुसता ठेवत असणार, जोर सगळा डाव्यावर." त्यांनी लाटणं फिरवलं. "उजवं मनगट दुखत होतं तिचं. आणि ही झीज वर्षा-दोन वर्षांची नाही. दहा-बारा वर्षं तरी."

मी म्हटलं, तुम्हाला कधी बोलल्या नाहीत?

"मी समोर पाटावर बसलेला असायचो. ती एकेक पोळी गरम वाढायची. मी कोणाची तरी मूठ हातात घेऊन तिला सांगत बसायचो, हा माणूस असा होता, तो माणूस तसा होता." त्यांनी टोकावरून अंगठा फिरवला. "ऐकायची हो सगळं. मधूनच हसायची."

डबा मी तिथेच ठेवला आणि त्यांच्या शेजारी फरशीवर बसलो. बाकीची भांडी मीच कागदात गुंडाळून खोक्यात भरली. लाटणं त्यांनी मला दिलं नाही, आणि मीही मागितलं नाही.