बिनकोयंड्याची कोठी

विद्यापीठाची जीप शिंगणापुरात मच्छिंद्रच्या ओट्यापाशी थांबली आणि तिच्यातून पत्र्याची एक चकचकीत कोठी उतरली, तेव्हा बघायला अर्धं गाव जमलं. दरसाल मच्छिंद्रची निम्मी ज्वारी उंदीर खात आणि उरलेलीला किडे लागत. बहात्तर सालच्या त्या उन्हाळ्यात तर ज्वारी मुळातच थोडी झाली होती, त्यामुळे त्याची बायको गोजरबाई उंदरांचं नुसतं नाव काढलं तरी केरसुणी शोधायची.

"हिच्यात हवा शिरत नाही, म्हणून कीड जगत नाही. आणि पत्र्याला उंदरांचे दात लागत नाहीत," निमोणकर साहेब म्हणाले. विद्यापीठात ते धान्य साठवायच्या पद्धतींवर संशोधन करत. "झाकण बसवायचं, कोयंडा लावायचा, की झालं!"

कोयंडा म्हटल्याबरोबर गर्दी मागं सरकली. या गावात घरांना दारं नव्हती, मग कडीकोयंडा कुठला? सगळ्यांत वडीलधारे कारभारी आबा पुढं झाले.

"सायेब, आमच्यात बंद करायची पद्धत न्हाई. राखायला देव हाय."

"अहो, पण हे उंदरांसाठी आहे."

"उंदीर इचारून खातो का? न्हाई ना? मग ती चोरीच झाली. चोराला देव आंधळा करतो, त्याचं त्यो बघून घील."

"आबा, आजवर एकबी उंदीर आंधळा झाल्याला दिसला न्हाई," मच्छिंद्र पुटपुटला.

"तू त्याच्या डोळ्यात बघितलंस का कवा?"

कोणीच बघितलं नव्हतं. शेवटी तडजोड झाली. गावचा पत्रेवाला नबीलाल यानं कोयंडा छाटून टाकला आणि ज्वारी भरल्यावर झाकण घट्ट बसावं म्हणून मच्छिंद्रनं वर शेतातला एक काळाभोर धोंडा ठेवला. कोठीला घरात जागा नव्हती, म्हणून ती ओट्यावरच राहिली. सगळं झकास चाललं होतं, पण पुढं शनिवारी अमावास्या आली.

गावात यात्रेकरूंची ही गर्दी! लांबून आलेल्या एका पाहुण्यानं उंचावरचा तो काळा धोंडा बघितला, हाच गावचा देव समजून हात जोडले आणि तेलाची वाटी त्याच्यावर रिकामी केली. त्याच्यामागं दुसरा उभा राहिला. दोन माणसं एकामागं एक दिसली की तिसरा काही विचारत बसत नाही. मच्छिंद्र रानातून परतला तेव्हा धोंड्याला रुईच्या पानांचा हार होता, पुढं नारळ होते आणि एक परगावची बाई गोजरबाईलाच तिच्या ओट्यावर दटावत होती, "वहाणा काढा की, देवाम्होरं हायसा!"

यात्रा पांगली, पण धोंडा उचलायला कोणी पुढं होईना.

"देव न्हाई ह्ये खरं," कारभारी आबा म्हणाले, "पर इतक्या लोकांनी हात जोडल्यावर त्यो नुस्ता धोंडाबी ऱ्हायला न्हाई."

झालं! ज्वारी उंदरांपासून वाचली आणि मच्छिंद्रपासूनही. स्वतःची कोठीभर ज्वारी ओट्यावर असताना गोजरबाई पदर पसरून शेजारी ओंजळ ओंजळ मागू लागली. तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

अशात एकदा निमोणकर साहेब कोठी तपासायला आले. मच्छिंद्रच्या जिवात जीव आला.

"सायेब, तुमी शिकल्याली मानसं. तुमीच उचला."

साहेबांनी बाह्या वर केल्या, धोंड्याकडं पाहिलं आणि बाह्या पुन्हा खाली केल्या. "माझा या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण सध्या जरा साडेसाती चालू आहे."

आता मात्र गोजरबाईचं डोकं फिरलं. "वर देव बसलाय, तर खालून काढा की! नबीलालभाऊ, पाडा भोक!"

नबीलालनं कोठीच्या बुडाशी भोक पाडून पत्र्याची तोटी बसवली आणि तिला लाकडाचं बूच ठोकलं. बूच उपसलं तशी ज्वारी सळसळत बाहेर आली. साहेबांनी एक दाणा दाताखाली फोडला. "एकसुद्धा दाणा किडलेला नाही!" ते आनंदानं ओरडले. "आता सगळ्या कोठ्यांना खाली तोंड ठेवा म्हणून सांगतो."

बाकीच्या घरांत उंदरांनी नेहमीप्रमाणे हात मारला होता. त्यामुळे हळूहळू सगळी आळी टोपल्या घेऊन मच्छिंद्रच्या ओट्यावर येऊ लागली. ज्यांनी ओंजळ दिली होती त्यांना गोजरबाईनं सूपभर दिलं, कोणाला रिकामं पाठवलं नाही. एका सकाळी खुद्द कारभारी आबा आले.

"सूनबाई, माझ्या कणगीत निस्ता भुसा ऱ्हायलाय गं."

गोजरबाईनं टोपली तोटीखाली धरली. ती निम्मी भरली तशी तिनं बूच घट्ट बसवलं.

"आबा, बूच लावलं म्हंजी बंदच केलं की. देवाला चालंल का?"

आबांनी बुचाकडं पाहिलं, निम्म्या टोपलीकडं पाहिलं आणि वर धोंड्याला हात जोडले.

"त्ये देव आन मी बघून घिऊ. तू टोपली भर."