सकाळी काय खाल्लं?

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत गजभिये दर रविवारी मुलांना एकच प्रश्न दोनदा विचारत, “सकाळी काय खाल्लं?” एकदा फुटबॉल सुरू व्हायच्या आधी आणि मग कुणाच्या डोक्याला मार लागला की पुन्हा.

मी लेखापरीक्षणात आयुष्य घालवलं. एकच आकडा दोनदा विचारणारा माणूस काहीतरी शोधत असतो, हे मला पक्कं ठाऊक. हा माणूस आमच्या स्वयंपाकघरात काय शोधतोय? गजभिये नागपूरचे, टेलिफोन खात्यातून निवृत्त, एकटे राहणारे. शेवटी मी सरळ विचारलं, “अहो, आमच्या न्याहारीशी आपला संबंध काय?”

“लाइन तपासतो जी.”

“कसली?”

“डोक्याची.”

माझा संशय गेला नाही, फक्त त्याची दिशा बदलली.

एका रविवारी माझी मुलगी मुक्ता चेंडू डोक्यानं मारायला उडाली आणि दुसऱ्या मुलीचं डोकं तिच्या कानशिलावर आदळलं. मुक्ता लगेच उठली. “मी ठीक आहे, बाबा.” रक्त नाही, सूज नाही, माझ्या हिशेबी नुकसान शून्य. प्रशिक्षक म्हणाले, “चला, खेळा.”

गजभिये मैदानात शिरले. “काय खाल्लं सकाळी?”

“पोहे.”

त्यांनी चेंडू उचलून काखेत धरला. “पोरगी बाहेर.”

“काका, चेंडू द्या,” प्रशिक्षक म्हणाले.

“सकाळी थालीपीठ म्हणाली होती.”

थालीपीठच होतं. मी स्वतः आणखी एक मागून घेतलं होतं.

डॉक्टर म्हणाले, मेंदूला हादरा बसलाय. शुद्ध गेली नाही तरी बसतो. त्यावर आज आणखी एक मार बसला असता, तर कठीण होतं.

“पण ती ठीक आहे म्हणाली होती,” मी गजभियांना म्हणालो.

“ज्याचा फोन बंद, तो फोन करून कसं कळवणार जी?”

मुक्ता घरी पडून होती. गजभिये सकाळ-संध्याकाळ येत, दारातूनच प्रश्न विचारत आणि जात. एकदा सकाळी तिनं उलट विचारलं, “काका, तुम्ही काय खाल्लंत?”

“चहा.”

संध्याकाळी तिनं पुन्हा विचारलं. “चहा.”

“उत्तर जुळलं,” मुक्ता म्हणाली. “पण चहा पितात.”

गजभिये जायला वळले. “आमची लाइन कोणी तपासत नाही जी,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं त्यांना आत बसवून थालीपीठ वाढलं. संध्याकाळी मुक्तानं विचारलंच.

“थालीपीठ,” गजभिये म्हणाले. मग माझ्याकडे बघून, “दोन.”

बरोबर होतं. मी मोजली होती.