सात नंबरची खाट

निवृत्त सुभेदार सयाजीराव उसाच्या फडात चक्कर येऊन पडले, म्हणून मुलांनी त्यांना उंब्रजहून कऱ्हाडच्या एका मोठ्या दवाखान्यात आणून टाकलं. दवाखाना नव्या चालीचा. प्रत्येक गादीखाली पातळ चटई, तिची वायर थेट सिस्टरच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला. चटई झोपलेल्या माणसाच्या छातीचे ठोके मोजायची, आणि चक्कर येणारा पेशंट उठून कुठं पडू नये म्हणून तो खाटेवरून हलला की घंटाही वाजवायची. सयाजीरावांनी पाय खाली टेकवला रे टेकवला, की वॉर्डभर ठणाणा.

सरहद्दीवर पहारे दिलेल्या माणसाची ही गत! अळणी खिचडीनं तोंड आंबलं होतं, आणि खिडकीतून समोरच्या गाड्यावरच्या कांदाभज्यांचा वास येत होता.

अशात बालमित्र जोतिबा भेटायला आला. दणकट गडी. "आजवर दवाखान्याची पायरी चढलो न्हाई," हे तो भेटेल त्याला सांगायचा.

"आता चढलायस तर पडून बी बघ," सयाजीराव हळूच म्हणाले. "ह्या यंत्राला माणूस कळत न्हाई, वजन कळतं. मी हिकडनं उतरतो, तू तिकडनं शिर. भजी खाऊन आलोच."

"आन् सिस्टरनं बघितलं तर?"

"चादर वडून घे. आत्ताच ड्युटी बदललीया. सगळी नवीन हायती."

जोतिबा शिरला. घंटा गप्प. त्याचीच टोपी चढवून सयाजीराव ऐटीत बाहेर पडले.

तिकडे कढईतून दुसरा घाणा निघाला आणि इकडे कॉम्प्युटर लालभडक झाला. सात नंबरच्या ठोक्यांना ना ताल ना तंत्र. डॉक्टर भार्गवी धावत आल्या.

"आवं, मी सयाजी न्हवं! जोतिबा हाय मी!"

"पेशंट नाव विसरलाय," डॉक्टर गंभीर झाल्या. "मनगटावरचा नावाचा पट्टाही काढून टाकलाय. सिस्टर, दुसरा बांधा आणि आयसीयूत हलवा."

"मी नुसता भेटायला आलोय, बाई!"

"हो हो काका. शांत पडा."

सयाजीराव मिशा पुसत परतले, तर खाट रिकामी.

"सात नंबर कुठं गेला?"

"सयाजीराव? त्यांना आयसीयूत नेलं. हृदयाचं काहीतरी आहे. तुम्ही कोण त्यांचे?"

सयाजीराव पेचात पडले. खरं सांगावं तर भज्यांची चोरी उघडी पडणार, आणि न सांगावं तर आपल्या नावाच्या गोळ्या जोतिबाच्या पोटात जाणार. त्यांनी मुकाट्यानं बाही सारून मनगटावरचा पट्टा दाखवला. सिस्टर एकदा पट्ट्याकडे बघे, एकदा स्क्रीनकडे.

मग डॉक्टरांनी सुभेदारांची जी हजेरी घेतली, तशी पलटणीत कुणी घेतली नव्हती. पण शेवटी त्यांचा आवाज उतरला. "नाव चुकलं, ठोके मात्र बरोबर मोजलेत. तुमच्या मित्राच्या हृदयात खरंच बिघाड आहे, आणि त्यांना पत्ताच नाही. असेच हिंडत राहिले असते तर..."

सयाजीराव मटकन बाकावर बसले. विटीदांडूपासूनचा सोबती. डोळ्यांपुढचं धूसर झालं, आणि ते काही चक्कर आल्यानं नव्हे.

जोतिबाचं नाव दुरुस्त होऊन औषधं सुरू झाली. तो हुशारीत आला, तेव्हा कुठं त्याची बायको बनुबाई धापा टाकत पोचली. नवऱ्याला डोळे भरून बघितलं आणि ती सयाजीरावांच्या पायाच पडली.

"भावजी, दवाखान्यात चला म्हणून सांगून सांगून मी थकले. माझं कवा ऐकलं न्हाई. तुमी मातर आणून झोपवलंसा! लय उपकार झालं."

सयाजीरावांनी घसा खाकरला. "वहिनी, दोस्तासाठी येवढं करावंच लागतं."

जोतिबाला ह्यावर लय काही बोलायचं होतं. पण तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. त्यानं नुसते डोळे वटारले, आणि शेजारचं मशीन तेवढं टिकटिक वाढवत राहिलं.