पंख्यातली गुंतवणूक

निवृत्त हेडक्लार्कना जावयाची कीव येत होती. कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली म्हणून त्याने चिप बनवणाऱ्या कंपनीत पैसे घातले होते, चारचौघांसारखे. हेडक्लार्कनी डोकं चालवलं. चिप तापणार, तापली की वारा लागणार, म्हणजे खरा पैसा पंख्यात! उरलीसुरली ग्रॅच्युइटी त्यांनी डेटा सेंटरचे राक्षसी पंखे बनवणाऱ्या कंपनीत ओतली आणि बायकोला सांगितलं, "आता नुसतं बसून खायचं."

बायकोला बसायचं नव्हतं, झोपायचं होतं. झोप तिला जन्मभर हुलकावणी देत आली होती. म्हणून तर दोघं गावाबाहेरच्या या शांत वसाहतीत राहायला आली होती.

वर्षही सरलं नाही तोच घरामागे डेटा सेंटर उभं राहिलं. छतावरचे पंखे फिरायला लागले आणि फडताळातली भांडी थरथरायला लागली. हेडक्लार्कनी गच्चीवरून पाहिलं, तर पंख्यांवर त्यांच्याच कंपनीचं नाव. पण खाली बायको डोकं आवळून बसली होती. फुललेली छाती आवरून ते खाली उतरले.

वसाहतीची सभा भरली. तक्रारअर्ज हेच लिहितील, असं बायकोने परस्पर सांगून टाकलं. आली का पंचाईत! सेंटर बंद करा म्हणावं तर शेअर बुडणार, न म्हणावं तर बायकोचे ते खोल गेलेले डोळे बघवत नव्हते. कात्रीत सापडलेल्या माणसाला सुचावी तशी त्यांना शक्कल सुचली. सेंटर राहू द्या, फक्त जुने पंखे काढून बिनआवाजी यंत्रणा बसवा. म्हणजे आपल्याच कंपनीला नवी ऑर्डर! उभ्या आयुष्याची कारकुनी पणाला लावून त्यांनी असा अर्ज खरडला की नाही म्हणायला कुठे फटच राहू नये.

कुणी नाही म्हटलंही नाही. पंखे उतरले. त्यांच्या जागी पाण्याने चिपा थंड करणाऱ्या नळ्या आल्या, दुसऱ्याच कंपनीच्या. अर्जाची नक्कल गावोगावच्या वसाहतींतून फिरली आणि पंख्यांच्या शेअरने जमीन गाठली. जावयाचा फोन आला. त्याच्याकडेही तोच अर्ज पोचला होता.

"बाबा, काय भाषा आहे हो तुमची!"

त्या दुपारी बायको पाठ टेकताच झोपी गेली. किती दिवसांनी तिचा चेहरा निवांत दिसला, ते पाहून त्यांना बरंही वाटलं. ते मात्र टक्क जागे. कूस बदलताना ती पुटपुटली, "अहो, झोपा की. किती शांत आहे."

भयंकर उकडत होतं. पण पंख्याचं बटण दाबायला त्यांचा हात धजेना.