सर्वांसाठी

आई गेली त्या सकाळी पासवर्डकाकांनी रडायच्या आधी रजेची व्यवस्था लावली. एकदा रडायला बसलो की ऑफिसचं राहून जाईल, हे ते ओळखून होते.

लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत त्यांनी चोवीस वर्षं काढली होती. एकशे दहा माणसं कामासाठी जी मेलव्यवस्था वापरत, तिची सगळी सेटिंग्ज एकट्या काकांच्या हातात. पण पासवर्ड विसरल्याशिवाय त्यांच्या टेबलाकडे कुणी फिरकत नसे, म्हणून हे नाव पडलेलं.

दवाखान्याच्या बाकावर बसून त्यांनी लॅपटॉप उघडला. पडद्यावर दोन पर्याय होते : 'फक्त माझ्यासाठी' आणि 'सर्वांसाठी'. डोळे भरून आलेले, अक्षरं धूसर. येणाऱ्या प्रत्येक मेलला आपोआप जाणारं उत्तर त्यांनी लिहिलं : 'आईचं निधन झाल्यामुळे मी आठवडाभर रजेवर आहे. तातडीचं काम असल्यास शेजारच्या टेबलाशी संपर्क साधावा.' मग लॅपटॉप मिटला, फोन बंद केला आणि ते आईजवळ जाऊन बसले.

पर्याय चुकला होता.

दहाच्या सुमारास एक बाई दोन मजल्यांच्या मधोमध लिफ्टमध्ये अडकल्या. त्यांनी तक्रार पाठवली, तर मेकॅनिकची आई वारलेली. दुसऱ्याला लिहिलं, त्याचीही वारलेली. भल्या बाई, त्यांनी कळवलं, 'वाईट वाटलं. सवडीने या.'

ऑफिसात हिशेबनीस बाईंना कोठारप्रमुखांची बातमी मेलवरून कळली आणि कोठारप्रमुखांना बाईंची. दोघांच्या टेबलांत चार फुटांचं अंतर. पण विचारायचं कसं? दोघंही दुपारपर्यंत एकमेकांकडे पडल्या चेहऱ्याने बघत राहिले. शेवटी बाईंनी चहाचा कप पुढे सरकवला.

"आज कामावर यायला नको होतं तुम्ही."

"मी तुम्हाला तेच म्हणणार होतो."

संध्याकाळी साहेबांचे एक जुने ग्राहक पांढरी फुलं घेऊन साहेबांच्या आईच्या घरी पोचले. दार तिनेच उघडलं.

सेटिंग बदलण्याचा अधिकार फक्त काकांना, आणि काकांचा फोन बंद. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो सुरू केला, तर शहाण्णव मिस्ड कॉल. काकांचा ऊर भरून आला. इतकी माणसं आपली विचारपूस करतात, याची त्यांना कल्पनाच नव्हती. तेवढ्यात सत्त्याण्णवावा आला.

"काका, आहात कुठे? तुमचा पासवर्ड सांगा आधी."

काका तासाभरात ऑफिसात हजर झाले आणि अर्ध्या मिनिटात सगळं पूर्ववत केलं. फलकावर परिपत्रक लागलं होतं : 'सोमवारपासून मेलद्वारे कळवण्यात आलेली सर्व निधनं रद्द समजावीत.' त्याच आधारावर त्यांची रजा नामंजूर झाली होती.

"माझं खरं होतं," ते रजेचं काम बघणाऱ्या मुलीला म्हणाले.

"काका, आता पुरे हं," ती हसत म्हणाली. "आमच्याकडेही फुलं आली होती."

 ते आपल्या टेबलाशी जाऊन बसले. मेलमध्ये एकशे नऊ आया जिवंत असल्याचे खुलासे पडले होते.

चार वाजता साहेबांनी बोलावलं. साहेबांच्या हातात फोन होता आणि कपाळाला आठ्या.

"आई आहे. घोळ घालणाऱ्याशीच बोलायचंय म्हणते. ऐकून घ्या."

काकांनी खाली मान घालून फोन कानाला लावला.

"तीन दिवस मी लोकांना जिवंत असल्याचं सांगतेय," पलीकडून थकलेला आवाज आला. "त्याचं काही नाही. पण असलं वाक्य कुणी उगाच लिहीत नाही. कुणाची आई गेली रे?"



"माझी."

"वय काय होतं?"

"ब्याऐंशी."

"म्हणजे माझ्याहून लहान. शेवटी त्रास झाला का?"

काका साहेबांसमोरच्या खुर्चीत न विचारता बसले आणि सांगू लागले. दवाखाना, ऑक्सिजन, ती अर्धवट ऐकलेली शेवटची हाक, सगळं. त्यांना रडू आलं तेव्हा साहेब उठले, हळूच बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

वीस मिनिटं ते स्वतःच्या केबिनबाहेर उभे होते. रजेचं काम बघणारी मुलगी सहीसाठी आली.

"आत कोण आहे, साहेब?"

"माझी आई बोलतेय," साहेब म्हणाले. "ते परिपत्रक बदल. त्यातलं एक निधन राहू दे."