उपास करणारी ट्रॉली

आमच्या शेजारच्या वासुदेवभाऊंची ट्रॉली मंगळवारी उपास करीत असे. बुधवारी तिची कंबर धरे आणि गुरुवारी ती कोणाशी बोलत नसे. ट्रॉली मागायला आलेल्या गावकऱ्यांना भाऊ जी कारणे सांगत, ती कुंपणापलीकडून माझ्या कानी पडत. महाविद्यालयातून निवृत्त होऊन मी तेल्हाऱ्याजवळच्या या गावी राहायला आलो, तेव्हा प्रथम मला वाटले की त्यांच्या घरात कोणी आजारी आहे.

ट्रॉली भाऊंनी स्वतः घडवली होती. भंगारातल्या जीपचा एक्सल, जुन्या बंडीच्या फळ्या आणि एकमेकांशी न पटणारी दोन चाके. ब्रेक नव्हतेच. त्याविषयी विचारले की भाऊ म्हणत, "ब्रेक भित्र्याले लागते, सर." ट्रॅक्टरला ती जोडून आपली वांगी आणि झेंडू ते बाजारात नेत; दुसऱ्याच्या हाती मात्र एक दिवसही देत नसत. गावाने त्यांना कंजूष ठरवले. बायको म्हणे, हिच्यासंगच लगन लावाचं होतं. भाऊ यावर गंभीरपणे विचार करीत.

दसऱ्याच्या तोंडावर, झेंडूने भरलेल्या ट्रॉलीने नाल्याच्या उतारावर ट्रॅक्टरलाच पुढे ढकलले. भाऊंनी दोन्ही वाहने कुणाच्या तरी तुरीत घातली. लोक धावत पोहोचले, तेव्हा ते तुरीचे शेंडे तपासत उभे होते. पीक पिवळे पडत असल्याबद्दल त्यांनी शेतमालकालाच सुनावले.

त्यानंतर ट्रॉली अकोल्याला गेली. परतली ती जाड नवा एक्सल, सारखी चाके आणि ट्रॅक्टरच्या ब्रेकबरोबर आवळले जाणारे स्वतःचे ब्रेक घेऊन. भाऊंनी तिला हार घातला. मग ते रोज पारासमोर भरधाव येत, एकदम थांबत आणि धूळ बसेपर्यंत लोकांचे चेहरे न्याहाळत. लोक दुसरीकडे पाहत. ट्रॉली मागण्याची गावाची सवयच मोडली होती. गरज पडली की भाड्याची गाडी येई. भाऊ फाटक उघडे टाकून अंगणात बसत. वाटेने कोणी येताना दिसले की खाटेवरून अर्धे उठत, आणि तो पुढे गेला की पुन्हा बसत.

एका संध्याकाळी, मोठ्या संकोचाने, मी विचारले, इतकी वर्षे ट्रॉली कोणाला का दिली नाही?

"तिच्या खोड्या मले मालूम होत्या, सर. दुसऱ्याचं पोरगं नाल्यात गेलं असतं, त त्याच्या मायले मी काय सांगतलं असतं?"

हे लोकांना सांगायचे होते, असे मी सुचवले.

"सांगतलं असतं. पण ट्रॉली म्या बनवली न."

उद्या ती मला मिळेल का, एवढेच मी म्हणालो.

भाऊ उभे राहिले. "काय न्याचं हाय?"

नेण्यासारखे माझ्याकडे काहीच नव्हते. मी घरातले लोखंडी कपाट सांगितले. तेल्हाऱ्याला रंगवायला न्यायचे आहे म्हणालो.

सकाळी ते गोधडी घेऊन आले. कपाटाचा रंग अगदी ठणठणीत होता. भाऊंनी त्यावरून एकदा हात फिरवला, माझ्याकडे पाहिले आणि कपाट गोधडीत गुंडाळून दोर आवळला. मला ट्रॅक्टर चालवता येत नव्हता. ते स्वतःच बसले. वाटेतल्या प्रत्येक उतारावर त्यांनी ब्रेक दाबला आणि मागे वळून पाहिले.

तेल्हाऱ्याला कपाट उतरवून झाल्यावर ते गोधडीची घडी घालत थोडे रेंगाळले.

"वापस आणाले बी मलेच सांगजा, सर," ते म्हणाले. "दुसरी गाडी नोका पाहू."