अळंबीची प्राणप्रतिष्ठा

"सरोजिनी, आता मी मेलो तरी चालेल!" चहाचा कप ठेवत गंगाधर सरांनी जाहीर केलं.

"उद्या सिलिंडर यायचाय. परवाचं बघा," स्वयंपाकघरातून बायकोचं उत्तर आलं.

पण सरांचा थाट काही खोटा नव्हता हो! नाशिकच्या कॉलेजात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून माणूस पार थकला होता. गुडघे गेलेले, केस गेलेले, रिटायरमेंट महिन्यावर आलेली. त्यातली अकरा वर्षं पेठच्या जंगलात उकिडवं बसून माती उकरण्यात गेली. आणि शेवटी सापडली! जमिनीच्या पोटात वाढणारी, जगात कुणीच न नोंदवलेली अळंबी. तीनच मिळाल्या. एक सूक्ष्मदर्शकाखाली कापून संपली, दुसरी डीएनए तपासणीत खर्ची पडली. तिसरी वाळवून वाटीत ठेवलेली. तो मूळ नमुना. तो संग्रहालयात जमा केल्याशिवाय नव्या जातीचं नाव जगात कुणी ग्राह्य धरत नाही. दुपारी कुरिअरवाला यायचा होता.

सर आंघोळ करून आले, तर वाटी रिकामी!

"अगं, इथली अळंबी कुठंय?"

"कसली अळंबी? सुपारी होती वाटीत. मयुरेश आला होता, ओझरला सत्यनारायण सांगायला निघालेला. एक सुपारी कमी पडत होती त्याला. दिली."

गोल, तपकिरी, अंगावर रेघा. सुपारीसारखी दिसत होती, हे त्यांनाही कबूल करावं लागलं.

"मी सुपारी खातो का कधी?"

"तुम्ही माती आणता, शेण आणता, कुजकी लाकडं आणता. खाता का?"

सरांनी मेव्हण्याला फोन लावला. बंद! पूजेला बसताना मयुरेश फोन बंद ठेवतो. आयुष्यात एवढी एकच शिस्त पाळतो, तीही आजच नडली. बायकोकडून पत्ता घेऊन सरांनी स्कूटर काढली. द्वारका चौकात अर्धा तास धूर खाल्ला, पुढे पाठीचा मणकान् मणका मोजत ओझर गाठलं.

विमानाच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या महेशच्या नव्या फ्लॅटमध्ये पूजा चालू होती. ताम्हणात गणपती म्हणून सरांची अळंबी बसलेली, आणि मयुरेश तिच्यावर दूध ओतत होता!

"थांब! दही नको!" सर दारातूनच ओरडले.

"भाऊजी, मंत्र चालू आहे. बसा."

दही पडलं, तूप पडलं, मध पडला, साखर पडली. दोन आठवडे जपून वाळवलेला नमुना पंचामृतात चिंब झाला. सरांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. महेशची आई कुसाबाई गहिवरल्या.

"लय भाविक माणूस हाय! पाट द्या रे त्यांना."

पाटावर बसून सरांनी पाचही अध्याय ऐकले. गुडघे बोंबलत होते. आरती झाली, विसर्जनाच्या अक्षता पडणार, आता उचलायची, म्हणून सर सरसावले. इतक्यात महेशच्या मुलीचा फोन वाजला.

"आजी! मला नोकरी लागली!" वैष्णवी किंचाळली.

दोन वर्षं घरी बसलेली पोरगी! घरात एकच कल्लोळ झाला. कुसाबाईंनी ताम्हणापुढे लोटांगण घातलं.

"ह्या गणपतीला कुठं जाऊ द्यायचं नाय! आमच्याच देवघरात ऱ्हाईल."

"अहो आजी, ती सुपारी नाही, अळंबी आहे!"

"असू दे की. देवाला काय, कशातबी बसतो."

"निदान टाचणीएवढा तुकडा तरी द्या!"

"देवाला कापणार?" कुसाबाईंचा आवाज असा चढला, की महेशही सरांकडे रोखून बघायला लागला. मयुरेशने घाईघाईने त्यांच्या हातावर शिरा ठेवला.

"भाऊजी, आधी प्रसाद घ्या."

सरांनी घेतला. भांडायला अंगात त्राणच उरलं नव्हतं. अकरा वर्षांचं श्रेय डोळ्यांदेखत पुसलं गेलं, अंगाला अत्तर लावून आणि जास्वंदीचं फूल डोक्यावर घेऊन देवघरात जाऊन बसलं.

संध्याकाळी सर नव्या जातीच्या नोंदणीचा अर्ज उघडून बसले. 'मूळ नमुना कुठे जमा केला?' असा रकाना आला. त्यांनी लिहिलं, 'देवघर, दुसरा मजला, ओझर.'

खाली आणखी एक रकाना होता. 'नमुना पाहू इच्छिणाऱ्या अभ्यासकांसाठी सूचना.'

सरांनी लिहिलं, 'आंघोळ करून यावे.'